शेवटच्या टॉवरातला फेस

कारखान्यात तिला समोर सगळे ‘ताई’ म्हणत आणि पाठीमागे ‘कोरडीबाई’. तिला दोन्ही ठाऊक होतं. पाठीमागचं नाव तिला जास्त आवडायचं, कारण ते कमावलेलं होतं. ताई काय, वय झालं की कुणीही होतं.

काम तिचं गॅस कोरडा करायची यंत्रं आखायचं. जमिनीतून वर येणारा गॅस ओला असतो. तसाच नळात सोडला तर थंडीत पाणी आणि गॅस मिळून बर्फासारखा गोळा धरतो आणि नळ तुंबतो. गोळा नाही धरला तर नळ आतून गंजतो. म्हणून वाटेत एक उभा टॉवर लावतात. गॅस खालून वर चढतो, वरून ग्लायकॉल उतरतं. ग्लायकॉल म्हणजे दाट, किंचित गोडसर वासाचं द्रव, पाण्यासाठी जन्माचं तहानलेलं. टॉवरच्या पोटात एकावर एक ट्रे असतात आणि ट्रेवर पालथ्या वाट्यांसारख्या टोप्या. टोप्यांच्या फटींतून गॅस बुडबुडत वर निघतो, ग्लायकॉल त्यातलं पाणी पिऊन खाली येतं. भिजलेलं ग्लायकॉल भट्टीत तापवायचं. पाणी वाफ होऊन जातं, ग्लायकॉल उरतं, ते पुन्हा वर चढवायचं. एवढंच. पण या ‘एवढंच’मध्ये तिची उभी नोकरी गेली.

बोलणंही तिचं कोरडंच. ‘छान’, ‘वा’, ‘आभारी आहे’ हे शब्द तिच्या तोंडून कुणी ऐकले नव्हते. काम मनासारखं झालं की ती ‘बरं आहे’ म्हणायची. ज्याला ते ऐकायला मिळायचं तो घरी जाऊन सांगायचा.

कारखान्याचा एक रिवाज होता. थोरल्या मालकांनी घालून दिलेला: जो काढेल तो आत शिरेल. टॉवर तयार झाला की आवारात उभा करायचा, बाजूने परांची बांधायची, आणि ज्याने ड्रॉइंग काढलं त्याने वरच्या मॅनहोलमधून आत जाऊन ट्रेवर बसायचं. मग ट्रेत पाणी सोडायचं. सगळ्या टोप्यांच्या फटींना पाणी एकाच वेळी टेकलं पाहिजे. ट्रे केसभर जरी तिरका असला तरी एका बाजूने गॅस निघून जातो आणि दुसऱ्या बाजूने ग्लायकॉल. दोघांची भेटच होत नाही.

“कागदावर आपण सगळेच बारीक असतो,” असं थोरले मालक म्हणत. स्वतः त्यांचं पोट सुटलेलं होतं. पण त्यांनी काढलेला टॉवर असला की श्वास आवरून तेही शिरत.

ताई कारखान्यात लागली तेव्हा दुसऱ्यांची ड्रॉइंग गिरवायची. पहिला टॉवर स्वतः काढला तेव्हा मॅनहोल अगदी मापात घेतलं, पण त्याच्याच समोर, आतल्या बाजूला, ग्लायकॉलचा नळ आणून ठेवला. कागदावर दोन्ही सुरेख दिसत होते. आत शिरताना डोकं गेलं, एक खांदा गेला, दुसरा नळाला अडकला. ती ना आत ना बाहेर. पाय परांचीवर, तोंड काळोखात.

बाहेरून थोरल्या मालकांचा आवाज आला, “काय दिसतंय?”

“अंधार.”

“आणि?”

 मग आतून घुमत उत्तर आलं, “माझी चूक.”

“मग सगळं दिसलं. या बाहेर.”

बाहेर येताना तिने मनाशी नोकरी सोडून दिलेली होती. मालकांनी नळ कापून वळवायला सांगितला आणि दुसऱ्या दिवशी तिच्या टेबलावर नवा टॉवर आखायला दिला. वर एक शब्द नाही. ते ‘या बाहेर’ ती पुढे कधी विसरली नाही. थोरले मालक गेले तेव्हा ती रडली नाही. ऑफिसात बसून एक ड्रॉइंग पुरं केलं आणि मग घरी गेली.

आता कारखाना त्यांची मुलगी बघत होती. ती लहानपणापासून ताईला मावशी म्हणायची, मालकीण झाली तरी मावशीच. ताईच्या निवृत्तीआधीचा शेवटचा टॉवर आला तो अडचणीचा. गिऱ्हाइकाचा जुना टॉवर काढून त्याच पायावर नवा बसवायचा होता. पाया जुना, जास्त उंची सोसणार नाही. गॅस मात्र आधीपेक्षा कोरडा हवा, म्हणजे ट्रे जास्त. ताईने उंची तेवढीच ठेवली आणि ट्रे एकमेकांच्या जवळ घेतले.

मालकिणीने ड्रॉइंगवर बोट ठेवलं. “मावशी, नेहमीपेक्षा जवळ आलेत.”

“आलेत. चालतील.”

“नक्की?”

“फेस झाला नाही तर चालतील.”

“आणि झाला तर?”

“तर एका ट्रेवरचा फेस वरच्या ट्रेला जाऊन लागेल आणि गॅसबरोबर ग्लायकॉलही वरून उडून जाईल. पण स्वच्छ ग्लायकॉलला फेस धरत नाही.”

मालकिणीने तिच्याकडे बघितलं आणि सही केली. ट्रे एकदा आत वेल्ड झाले की हलत नाहीत. अंतर चुकलं तर टॉवर भंगारात. छोट्या कारखान्याला असा एक टॉवर म्हणजे वर्षाची कंबर मोडणं. हे मालकीण बोलली नाही. ताईलाही सांगायची गरज नव्हती.

टॉवर आवारात उभा राहिला. परांचीवर हेड फिटर होता. त्याच्याबरोबर ‘आरसा’ होता. हा पॉलिशचं काम करायचा आणि हाती लागेल ते चकचकीत करून सोडायचा. फाटकाची कडीही त्याच्या तावडीतून सुटली नव्हती. टोपणनाव इतकं रुळलं होतं की हजेरीच्या वेळी खरं नाव पुकारलं तर तो ओ द्यायचा नाही.

“ताई, सावकाश,” फिटर म्हणाला. “आत काय पळून जात नाही.”

“मीही जात नाही. दिवा द्या.”

मागच्या टॉवरात ती तेलकट ट्रेवरून घसरली होती. गुडघा असा सुजला की बरेच दिवस ती जिन्याचा कठडा धरून चढायची. या खेपेला ती दबकत शिरली. पण पाय घट्ट टेकला. तेलाचा थेंब नाही, ग्राइंडिंगची पूड नाही. दिवा फिरवला तर टोपी न् टोपी लखलखत होती. पाणी सोडलं. ते पसरत गेलं आणि सगळ्या फटींना एकदम टेकलं.

“बरं आहे,” ती आतून म्हणाली.

परांचीवर आरशाने फिटरला कोपर मारलं.

टॉवर गिऱ्हाइकाकडे गेला, उभा राहिला, गॅस सुरू झाला. आणि फोन आला.

गिऱ्हाइकाकडचा इनचार्ज तोंडाचा फटकळ होता. “बाई, तुमचा टॉवर ग्लायकॉल पितोय की थुंकतोय? पिंपं ओततोय आम्ही. आणि गॅस पाहाल तर ओलाच.”

ताई गेली. उघडं माळरान, वारा, कुंपणापलीकडे काही नाही. टॉवरच्या बाजूला आतलं बघायची जाड काच होती. तिच्यातून ताईने डोळा लावून पाहिलं. आत पांढरं. दाट, न विरणारं, वर वर सरकणारं पांढरं. ती बराच वेळ तशीच वाकून राहिली.

“फेस मारायचं औषध घालून बघितलं,” इनचार्ज म्हणाला. “तासभर गप्प बसतं, की पुन्हा आहेच. ट्रे फार जवळ घेतलेत तुम्ही. मी आधीच म्हणत होतो.”

तो आधी काही म्हणाला नव्हता. पण ताईने तोंड उघडलं नाही, कारण मनात तिचंही घोडं तिथेच पेंड खात होतं. तिने एका बाटलीत टॉवरमधलं ग्लायकॉल घेतलं, दुसरीत पिंपातलं नवं, आणि परतली. मालकीण एवढंच म्हणाली, “मावशी, दोन दिवसांत सांग. कापायचा असेल तर कापू.” आवाज चढवला असता तर बरं झालं असतं. चढवला नाही, म्हणून जास्त लागलं.

घरी नवरा भांडी घासत होता. पूर्वी बस चालवायचा. निवृत्त झाल्यापासून स्वयंपाकघर त्याच्या ताब्यात होतं आणि तिथे तो बसचीच शिस्त चालवायचा. ताई ओट्याशी आली, दोन्ही बाटल्या खसाखसा हलवल्या आणि ठेवल्या. नव्या ग्लायकॉलवरचे बुडबुडे बघता बघता फुटले. टॉवरमधल्या ग्लायकॉलवर फेसाची टोपी धरली, ती हलेचना.

“अगं, माझ्या ओट्यावर कसले प्रयोग? पुढच्या स्टॉपला उतर.”

“अहो, गप्प बसा जरा. माझं आयुष्य आहे त्या बाटलीत.”

तो हात पुसत जवळ आला. तिचा चेहरा पाहून त्याची थट्टा तोंडातच राहिली. “काय झालं?”

तिने सांगितलं. ट्रे, अंतर, फेस. “सगळं आकडेमोडीप्रमाणे बरोबर आहे. पण काचेतून दिसतं ते खोटं कसं म्हणू? हात चुकला असेल माझा. वय झालं.”

“वय माझंही झालं. मी गाडी ठोकली का?” त्याने बाटली उचलली, बूच काढून नाकाशी नेली. मग दुसरी. मग पुन्हा पहिली. “हिला तुझा वास येतोय.”

“माझा?”

“तुझ्या हातांचा. रोज संध्याकाळी कामावरून आलीस की येतो तो. लिंबाचा. इतकी वर्षं शेजारी बसून जेवतोय, मला कळणार नाही?”

तिने वास घेतला. तिला काहीच आलं नाही. मग तिने स्वतःचे हात नाकाशी धरले. त्यांनाही काही वास नव्हता. असणार कसा? रोज अंगाला चिकटलेला वास नाक मोजत नाही. पण कारखान्यातल्या नळाशेजारचं पिंप तिच्या डोळ्यांपुढे उभं राहिलं. ग्रीसचे हात धुवायचा तांबडा, पातळ, लिंबाच्या वासाचा साबण. निघताना तीही त्यानेच हात धुवायची.

साबण! त्याचा थेंब पुरे. ग्लायकॉलला फेस धरवायला त्याच्यासारखा गडी नाही.

“अहो,” ती म्हणाली, “भांडी राहू द्या. मी घासते.”

“नको, तू फेस करशील,” तो म्हणाला. त्या रात्री ती जेवली.

सकाळी ती ऑफिसात न जाता आधी नळाशी गेली. आरसा हात धूत होता. फिटर पाळी येण्याची वाट बघत होता.

“हा साबण कशाकशाला वापरता?” तिने विचारलं.

“हातांना, ताई. आणखी कशाला?”

“आणखी कशाला तेच विचारतेय.”

आरशाने फिटरकडे बघितलं, फिटरने छपराकडे. मग फिटर म्हणाला, “ताई, ताकाला जाऊन भांडं कशाला लपवता? सरळ विचारा.”

“टॉवर साबणाने धुतला?”

“धुतला!” आरसा खुलला. “आतून. एकेक टोपी घासली. तोंड बघून भांग पाडावा असा केला होता. तुम्ही ‘बरं आहे’ म्हणालात की.”

“कशासाठी धुतला? नेहमी गरम पाणी मारून पुसता ना?”

आरशाने नळाखाली पुन्हा हात धरले. फिटर हळू बोलला. “पुसून तेल राहतंच थोडं. मागच्या खेपेला तुम्ही त्याच्यावरून घसरलात. शेवटचा टॉवर, म्हटलं, ताई आपल्या पायांनी आत जावी आणि आपल्या पायांनी बाहेर यावी. मीच सांगितलं याला.”

“यांनी नुसतं धू म्हणून सांगितलं,” आरसा म्हणाला. “साबणाचं डोकं माझं.”

“त्यात डोकं कसलं आलं?”

“तेच म्हणतोय. डोकं नव्हतं.” तो ओल्या हातांनी उभा होता. “ताई, टॉवर आमच्यामुळे बिघडला? गेला का तो?”

 टोप्यांच्या खाली, गॅस वर यायच्या भोकांच्या गळ्यात, जिथे पाण्याचा फवारा पोचत नाही, तिथे साबण वाळून बसला असणार. या माणसाने किती तास त्या अरुंद जागेत पोटावर पडून टोप्या घासल्या असतील, हे तिला कळत होतं. अंतर तिनेच ठेवलं होतं.

“गेला नाही,” ती म्हणाली. “जाणार होता. आता बहुतेक राहील.”

नळ उगाच चालू होता. तो तिने बंद केला आणि वर गेली.

मालकिणीला तिने उभ्या उभ्या सांगितलं. मालकीण खुर्चीतून उठली. “साबण? एवढा फेस त्या साबणाचा? मावशी, मी दोन रात्री झोपले नाही! कुणी घातला?”

“माझ्यासाठी घातला. मी घसरू नये म्हणून.”

“ते ठीक. चूक कुणाची?”

“ड्रॉइंगवर मी ‘आतून स्वच्छ’ एवढंच लिहीत आले. तुझे वडील असल्यापासून. स्वच्छ म्हणजे काय, ते लिहिलं नाही. त्याला स्वच्छ म्हणजे आरसा, मला स्वच्छ म्हणजे कोरं पाणी. दोघांनी आपापलं स्वच्छ केलं.”

मालकीण पुन्हा बसली. “आता त्या आरशाला काय सांगू?”

“गाडीत बसायला सांग. धुवायला तोच हवा.”

माळरानावर गॅस तोडला, जोडणीत पत्रे घालून नळ बंद केले, आतली हवा तपासली. मग आरसा आणि फिटर आत शिरले. नुसतं पाणी मारून चालणार नव्हतं. प्रत्येक ट्रेवरची प्रत्येक टोपी सोडवायची, खालचा गळा कोऱ्या पाण्याने आणि ब्रशने घासायचा, टोपी परत बसवायची, पुढची. ज्या अंतराबद्दल ताईने शब्द दिला होता त्यातून दोघे पोटावर सरपटत खाली खाली उतरत होते. कोपरं सोलवटली. आळीपाळीने बाहेर येऊन पाठ सरळ करत आणि पुन्हा शिरत. सगळं झाल्यावर वरून गरम पाणी सोडलं, तळातून बाटलीत घेतलं. आरशाने बाटली हलवली आणि स्वतःच मान नाही म्हणून हलवली. पुन्हा पाणी. पुन्हा बाटली. पुन्हा. इनचार्ज चहा घेऊन आला, त्यालाही आरशाने बाटली हुंगायला लावली. “साहेब, तुमचं नाक नवं आहे. आमची मेलेली.”

इनचार्जने हुंगलं. “काही नाही येत.”

“बघा हं. पुन्हा.”

“अरे, नाही येत म्हटलं ना!”

शेवटच्या पाण्यावरचे बुडबुडे बाटली खाली टेकायच्या आत फुटले.

टोप्या सोडवून बसवल्या होत्या, म्हणजे ट्रे पुन्हा तपासायला हवा होता. रिवाज रिवाज आहे. ताई परांची चढली. मॅनहोलपाशी आरशाने आत काहीतरी अंथरलेलं होतं.

“हे काय?”

“रबराची चटई. घसरायला नको.” आणि ती काही बोलायच्या आत, “नुसत्या पाण्याने धुतलीय. पोतं टाकणार होतो, म्हटलं धागे पडतील.”

ती आत शिरली. गुडघा चटईवर टेकला. पाणी आलं, पसरलं. बाहेरून फिटरने विचारलं, “ताई, काय दिसतंय?”

त्याला काही ठाऊक नव्हतं. थोरल्यांच्या वेळी तो कारखान्यात नव्हताच. सहज विचारलं होतं त्याने. ताईने काळोखात दिवा एकेका टोपीवरून फिरवला. पहिल्या टॉवरात तिला कुणी हाकललं नाही. या टॉवरात तिच्यासाठी कुणी कोपरं सोलली. मधला सगळा काळ ती समजत होती, की आपण गॅस कोरडा करतोय आणि बाकीचे पत्रा वाकवतायत.

“पाणी,” ती म्हणाली. “सगळ्या टोप्यांना टेकलेलं.” आणि मग, “आता हात द्या मला. गुडघा दुखतोय.”

इतक्या वर्षांत तिने मॅनहोलमधून बाहेर येताना कुणाचा हात मागितला नव्हता. बाहेरून एकदम चार हात आत आले, एकमेकांवर आपटले.

“अरे, एकाने द्या! टॉवर आहे, रस्सीखेच नाही.”

नवं ग्लायकॉल भरलं. गॅस सुरू झाला. ओल मोजायच्या यंत्राचा काटा खाली यायला वेळ घेत होता.  ताईने काचेला डोळा लावला. आत फेस नव्हता. ट्रेवर नुसती उकळी फुटल्यासारखी हालचाल, आणि ट्रे जितके जवळ ठेवले होते तितकेच जवळ, एकमेकांना न लागता. काटा उतरत गेला, हव्या त्या आकड्याच्या खाली गेला आणि तिथेच राहिला.

“हं,” इनचार्ज म्हणाला. “ट्रे जवळ घेतलेत, पण चालतंय.”

“बरं आहे,” ताई म्हणाली. कुणाला म्हणाली ते कळलं नाही. आरशाने ते स्वतःकडे घेतलं, फिटरने स्वतःकडे.

निवृत्तीच्या आदल्या दिवशी तिने त्या टॉवरचं ड्रॉइंग पुन्हा काढायला घेतलं. ‘आतून स्वच्छ’ खोडून तिथे लिहिलं: ‘टोप्या सोडवून, फक्त कोऱ्या पाण्याने. साबण नको.’ खाली कोपऱ्यात वर्षानुवर्षं दोनच रकाने असायचे, ‘काढलं’ आणि ‘तपासलं’. तिने त्यांच्या शेजारी तिसरा आखला आणि आरशाला वर बोलावलं.

तो दारातच थांबला. त्या खोलीत तो फक्त दाराची मूठ घासायला आलेला होता. तिने कागद फिरवून त्याच्यापुढे ठेवला. तिसऱ्या रकान्यावर ‘धुतलं’ असं लिहिलेलं होतं.

“इथे सही.”

त्याने वाचलं. पुन्हा वाचलं. “ताई, म्हणजे पुढे कुठल्या टॉवरला फेस आला तर नाव माझं.”

“हो.”

“आणि नाही आला तर?”

“तरी तुमचंच.”

त्याने पॅंटला हात पुसले, नको तितके पुसले, आणि पेन घेतलं. ताईने मान दुसरीकडे वळवली.

“आभारी आहे हं,” ती खिडकीला म्हणाली.

आरशाचं पेन थांबलं. “मला काही म्हणालात का, ताई?”

“सही करा. शाई वाळते आहे.”